एकसष्टचं पाणी

पुण्यात भाड्यानं घर शोधायचं तर दलाल गाठावा लागतो, त्याला एका महिन्याचं भाडं मोजावं लागतं, आणि किल्ली हातात पडली की तो ओळख विसरतो. काकांचं तसं नाही. काका फुकट असतात आणि सुटत नाहीत. प्रत्येक सोसायटीत असे एक असतातच. आमचे चौथ्या मजल्यावर राहतात. कुणाकडे नवा माणूस मुक्कामाला आलाय हे त्यांना लिफ्टमधल्या बॅगेवरून कळतं, आणि बॅग उघडायच्या आत ते हजर असतात.

माझा भाचा लातूरहून आला. त्याची नोकरी हिंजवडीत, बायकोची खराडीत, म्हणजे शहराची दोन टोकं. पुण्यात हल्ली पत्रिकेआधी ऑफिसचे पत्ते जुळवायला हवेत, पण ते असो. काका आले, जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पाणी मागितलं. ते पाणी ते कधीच पीत नाहीत. पेल्यात तर्जनी बुडवून त्यांनी सनमायक्यावर एक नागमोडी रेघ ओढली. ती मुठा. रेघेच्या वरच्या टोकाला लोणच्याची बरणी ठेवली, ते पानशेत. अलीकडे मिठाची बरणी, ते खडकवासला. मग बोट पुसून म्हणाले, "हं, बोल. कुठं कुठं बघितलंस?"

"नारायण पेठेत एक जुना वाडा–"

"एकसष्टला बुडाली."

"शनिवार पेठ?"

"एकसष्टला बुडाली. माणसं पत्र्यावर बसली होती."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं. पुण्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं: १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फोडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शहरानं त्यानंतर बरंच काही पाहिलं, काकांनी नाही. घराला उजेड किती, शाळा किती लांब, बसस्टॉप कुठे, हे सगळं त्यांच्या लेखी दुय्यम. मुख्य प्रश्न एकच.

"वाघोली बघतोय," भाचा म्हणाला.

काकांनी टेबलाच्या पार कोपऱ्यात, रेघेपासून हातभर लांब, बोट टेकवलं. "एकसष्टला तिथं पाणी नव्हतं."

भाच्याचा चेहरा खुलला.

"आजही नाही. टँकर येतात."

हे मात्र काकांचं खरं होतं. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली. तिच्याबरोबर सूस, म्हाळुंगे आणि आणखी बरीच गावं. काकांच्या मते गाव हद्दीत यायला एक अधिसूचना लागते आणि नळ यायला एक पिढी. हिंजवडीचं तर सगळंच निराळं. एवढं मोठं आयटी पार्क, पण ना पुणे महापालिकेत ना पिंपरी-चिंचवडच्या. काकांचा सल्ला असा, की सोसायटीत टँकर येतात का हे मालकाला विचारूच नये. सकाळी साडेसहाला गेटसमोर जाऊन उभं राहावं आणि मोजावेत.

"पण फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, काका," भाच्याची बायको, आमची सूनबाई, म्हणाली. तिला वाटलं, हा हुकमी एक्का.

"पाणी अकराव्यावर चढणार नाही, मान्य. पण तू खाली कशी येणार?"

काकांच्या नकाशात खऱ्या अर्थानं सुरक्षित जागा एकच, पर्वती. पुरात लोक तिथंच पळाले होते. पर्वतीवर भाड्यानं काही मिळत नाही याचं त्यांना मनापासून दुःख आहे. एकशे तीन पायऱ्यांचा मुद्दा काढला तर म्हणतात, "व्यायाम होतो."

त्यानंतर घरं बघायला जाताना काका सोबत असायचेच. भाच्यानं दोनदा चुकवायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ते पार्किंगमध्ये छत्री घेऊन उभे. एका घरमालकानं दारातच आडनाव, गाव, लग्नाचा दाखला, मांसमच्छी आणि पाहुण्यांची वारंवारिता विचारून घेतली. सगळं मनासारखं निघाल्यावर म्हणाला, "करार अकरा महिन्यांचा, साध्या स्टॅम्पपेपरवर. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही." इथं काकांनी पुराला क्षणभर बाजूला ठेवलं. "महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची." मालक गप्प. त्या शांततेत काकांनी हळूच विचारलं, "बाकी, एकसष्टला इथं पाणी कुठवर आलं होतं?" ते घर अर्थातच मिळालं नाही.

सिंहगड रस्त्यावरचा फ्लॅट मात्र दोघांना फारच आवडला होता. मोठी गच्ची, भाडं आवाक्यात, जाहिरातीत ठळक अक्षरांत 'रिव्हर व्ह्यू'. काका गच्चीत गेले, कठड्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तुला नदी दिसते ना? मग नदीलाही तू दिसतोस." दलाल हसला. भाचाही हसला. घरी आल्यावर सूनबाईनं मात्र पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा म्हणजे काय ते शोधून वाचलं, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तांबडी शंभर वर्षांतल्या पुराची. फ्लॅट राहिला.

ही २०२४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्याच वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं. टीव्हीवर बोटी दिसत होत्या. काका आमच्याकडेच बसले होते. "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य आता येणार म्हणून मी दात आवळून बसलो होतो. ते आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "धरण फुटलं नव्हतं हो या वेळी." नदीच्या पात्रात भराव टाकणारे, त्यावर इमारतीला परवानगी देणारे आणि तिला रिव्हर व्ह्यू म्हणणारे, या सगळ्यांनी मिळून धरणाचे कष्ट वाचवले होते.

त्या दिवशी बायकोनं त्यांना विचारलं, "काका, तुमचं घर कुठं होतं हो तेव्हा?" इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं; मी त्यांना टाळण्यातच गुंतलेलो. काकांनी खिशातला रुमाल काढून टेबल उगाच पुसलं. नारायण पेठेत, तळमजला. वय सात. आईनं त्यांना आणि धाकट्या बहिणीला ओढत पर्वती गाठली. हातात धान्याचा पितळी डबा, तोही अर्धा. वाडा गेला. मग मामाच्या एका खोलीत सगळे. मग गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक वाट्याला आलं. मग नोकरीतलं क्वार्टर, खातं देईल तिथं. हा चौथा मजला मुलानं परदेशातून बुक केला, नकाशा बघून. काकांना त्यानं फोनवर कळवलं, ताबा कधी मिळणार ते.

म्हणजे पुण्याच्या सगळ्या पेठा, वाड्या, नगरं तोंडपाठ असलेल्या या माणसाला, कुठं राहायला आवडेल, असं जन्मात कुणी विचारलेलं नाही.

भाच्यानं शेवटी औंध धरलं, दोघांनी सारखंच रडावं असं मध्यावर. काका हिरमुसले. औंध मुळेच्या काठी, आणि त्यांचा अभ्यास मुठेचा. एकसष्टचा दाखलाच चालेना. दोन आठवडे ते आमच्याकडे फिरकले नाहीत. घरात लोणचं लोणच्यासारखं खाता आलं. मग एका संध्याकाळी आले, पाणी मागितलं आणि टेबलावर दुसरी रेघ ओढली. "मुळशी धरण कुठल्या नदीवर आहे, सांग बघू."

आता पावसाळ्यात मुळशीतून विसर्ग वाढला की भाच्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप काकांचा असतो: बेसमेंटमधल्या गाड्या वर काढा. ते त्या सोसायटीत राहत नाहीत. सेक्रेटरीनंच त्यांना ग्रुपमध्ये घेतलंय. तिथले काही लोक वैतागतात, "हे कोण?" असं विचारतात, आणि गाड्या वर काढतात.

परवा काकांनी भाच्याला फोन केला. विसर्गाचं बोलून झालं, तरी ठेवेनात. मग म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादा फ्लॅट रिकामा आहे का रे? तिसऱ्याच्या वर. मला नको, सहज विचारतोय. पूर्वेकडची बाल्कनी असेल तर सांग."