प्ले आलाय!

तुमच्या मंडळातही एक अप्पा असणारच. गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवत असतात, तेव्हा हे मखराचा खांब धरून हलवून बघत असतात आणि 'मंगलमूर्ती मोरया'च्या पाठोपाठ निदान जाहीर करतात, "प्ले आलाय!"

न्यू जर्सीतल्या आमच्या अप्पांना ढिलं काही म्हणजे काही खपत नाही. घरी आले की आधी दाराची मूठ हलवतात, मग खुर्ची, मग जेवणाचं टेबल. हात मिळवतानाही मनगट किंचित वरखाली करतात; ते खांद्याचा अंदाज घेत असावेत, असा मला दाट संशय आहे. एका लग्नात वधूवर हार घालत असताना ते माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटले. काय, ते मी सांगणार नाही. जोडपं अजून नांदतंय.

हा रोग जडला हिरवळीमुळे. इथे एकरभर जागेतलं घर घेतलं की सोबत गवत येतं आणि गवतासोबत बसून चालवायचा मोअर. त्याच्या पोटाखाली पत्र्याचा डेक, डेकखाली दोन-तीन पाती आणि प्रत्येक पातं एकेका स्पिंडलवर. स्पिंडल म्हणजे मधे दांडा, भोवती अल्युमिनियमचं हाउजिंग आणि त्यात वर एक, खाली एक बेअरिंग. पातं मिनिटाला तीनेक हजार फेरे घेतं. गवत कापून झालं की लोक हौसेने पाइप लावून डेक धुतात, पाणी सीलमधून आत शिरतं, ग्रीसची वाट लागते आणि पुढच्या मे महिन्यात घरघर सुरू होते. अशा वेळी माणसं कानाला हेडफोन लावतात. अप्पा मात्र फिरायला निघालेले असले तरी हात करून मोअर थांबवतात, स्पार्क प्लगची वायर काढायला लावतात, डेक वर घ्यायला सांगतात आणि चक्क गवतात आडवे होऊन पात्याचं टोक वरखाली करून बघतात. निकाल तुम्हाला माहीत आहे.

बाजारात अख्खं स्पिंडल तयार मिळतं. जुनं काढलं, नवं लावलं, विषय संपला. मुलाने एकदा तेच सुचवलं, तर दात दुखतो म्हणून कुणी डोकं बदलायला सांगावं तसे अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "अरे, गेलंय बेअरिंग. हाउजिंगने तुझं काय घोडं मारलंय?"

मग सोहळा. नवी बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये, काकूंच्या खवलेल्या नारळाशेजारी. सकाळी घासूनपुसून लख्ख केलेलं हाउजिंग ओव्हनमध्ये. थंडीने बेअरिंग आकसतं, उष्णतेने हाउजिंग फुगतं आणि एरवी ठोकूनही हटून बसणारं बेअरिंग अलगद आत उतरतं. ओव्हन चालू दिसला म्हणून माझ्या मुलीने एकदा मोठ्या आशेने आत डोकावलं होतं. तेव्हापासून ती अप्पांकडे जाताना घरून खाऊन निघते.

ठोकायची वेळ आलीच, तर बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर मारलं की मार गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग बसायच्या आधीच म्हातारं होतं. त्यासाठी जुन्या बेअरिंगांची बाहेरची कडी अप्पांनी नारळाच्या बर्फीच्या डब्यात जपून ठेवली आहेत. दोन बेअरिंगांमधली नळी विसरायची नाही. ती राहिली की नट आवळताना आतली कडी एकमेकांकडे दाबली जातात आणि सगळं जाम. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणायचे : ६२०४ चं भोक २० मिलिमीटर, ६२०५ चं २५. "६२०३ चं मात्र १७," हे ते आवाज उतरवून सांगतात, शक्यतो काकू आत गेल्यावर.

अप्पांचे वडील किर्लोस्करवाडीत लेथवर होते. किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर ती वाडी वसवली, त्याआधीपासून ते कडबा कापायची यंत्रं करत होते. तिथली पाती चालायची ती गुरांच्या पोटासाठी. त्या माळावरचा मुलगा इथे पैसे टाकून गवताला खत घालतो, वाढलं की कापतो आणि पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतो. मी हे बोलून दाखवलं तेव्हा अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हशीला बेअरिंग नसतं, हे बरं असतं."

आता नाइलाजाने बरं लिहायचं. आमच्या भागातल्या मराठी गॅरेजांमधले निम्मे मोअर अप्पांच्या हाताखालून गेलेत आणि त्यांनी कुणाकडून एक डॉलर घेतलेला नाही. नवरा गेल्यावर एका बाईंनी मोअर विकायला काढला. अप्पांनी तो उचलून आणला, तिन्ही स्पिंडलं नव्यासारखी केली, परत नेऊन ठेवला आणि त्यांना चालवायला शिकवलं. धीराचा एक शब्द बोलले नाहीत. बोलायला जमलंही नसतं. त्या बाई हल्ली शनिवारी सकाळी टोपी घालून मोअरवर बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करतात.

यंदा मुलाने हट्टाने दोघांना पंचावन्नच्या वरच्यांसाठी असलेल्या वसाहतीत हलवलं. तिथे गवत कंत्राटदाराची माणसं कापतात. रहिवाशांनी फक्त बघायचं. अप्पांनी दोन मंगळवार बघितलं. तिसऱ्या मंगळवारी मोअरवरच्या पोराला थांबवलं. पोराला स्पॅनिशखेरीज काही येत नाही, अप्पांचं इंग्रजी अजून कुंडलच्या वळणाचं. अप्पांनी पातं हलवून दाखवलं, पोराने मान डोलावली. पुढच्या मंगळवारी दोघे ड्राइव्हवेत फतकल मारून बसले होते, मधे काकूंची परात, परातीत सुटे भाग.

समितीची नोटीस आली : आवारात दुरुस्तीची कामं करू नयेत. खुलासा द्यायला अप्पा अध्यक्षांच्या घरी गेले. गॅरेजचं दार वर जाताना करकरलं. अप्पांनी दाराचा रूळ धरून हलवला.

नोटीस अजून मागे घेतलेली नाही. अध्यक्षांचं दार मात्र हल्ली आवाज करत नाही आणि मंगळवारी सकाळी समितीला आमच्या अप्पांच्या ड्राइव्हवेकडे बघायला वेळ नसतो.