सहा अंगे ऑप्शनला

बुद्धाने दुःखातून सुटण्याचा मार्ग आठ अंगांचा सांगितला. आपल्या चाणाक्ष मध्यमवर्गाने त्यातली पहिली सहा अंगे ऑप्शनला टाकली आणि थेट शेवटची दोन, स्मृती आणि समाधी, तेवढी तयारीला घेतली. बरोबरच आहे. सम्यक वाणी पाळायची तर सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दुपारपर्यंत ओस पडेल. सम्यक आजीविका मनावर घ्यायची तर टेबलाखालचे व्यवहार थांबवावे लागतील. त्यापेक्षा डोळे मिटून श्वास मोजणे सोपे, शिवाय त्याचा फोटोही चांगला येतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचे ध्यानशिबिर असते. पहाटे चारला घंटा, मौन, मोबाइल जमा, आणि शुल्क काहीच नाही. ही शेवटची गोष्ट आपल्याला पचत नाही. फुकटात मिळणारी शांती कितपत टिकाऊ असणार! म्हणून मग सशुल्क अ‍ॅप. कंपन्याही कर्मचाऱ्यांना दहा मिनिटे ध्यान शिकवतात, आणि अकराव्या मिनिटाला टार्गेट वाढवतात. माणसाने अनासक्त व्हावे म्हणतात. निदान पगारवाढीबाबत तरी.

१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बुद्धाच्या धम्माची दीक्षा देताना लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशा त्या आहेत. रोज दहा मिनिटे डोळे मिटून बसेन, अशी एकही नाही. तेव्हा ध्यान जरूर करा, पण उठल्यावर घरच्या मोलकरणीचा थकलेला पगार आधी द्या.