कौल उजवा की डावा?

साठी उलटली की मुंबई-पुण्याच्या माणसाला दोन दुखणी जडतात. एक गुडघ्याचं, दुसरं कोकणातल्या जागेचं. पहिल्यासाठी तो तीन डॉक्टरांची मतं घेतो. दुसऱ्यासाठी शनिवार-रविवार पुरतो.

आम्हीही गेलो. दापोली तालुक्यात, डिसेंबरात. डिसेंबरात दापोली कुणालाही आवडते, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. एजंट म्हणाला, ‘‘साहेब, समुद्र दहा मिनिटांवर.’’ ही दहा मिनिटं त्याच्या बुलेटवरची, आणि त्याचं वय तीस. ‘‘हायवे झाला की भाव डबल.’’ मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला. त्या साली जन्मलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलंय. वाक्य मात्र अजून ताजं आहे.

पूर्वी कोकणात असले प्रश्न देवाला विचारत. देवाच्या अंगावर फुलं-पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं ते बघत बसायचं. उजवा कौल म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात रामेश्वरानं कौल दिला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्री घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. त्याला गावपळण म्हणतात. देवाच्या शब्दावर माणसं गाव सोडतात. आपण एजंटच्या शब्दावर गाव धरतो. किंवा मोबाइलला कौल लावतो. तो कायम उजवाच पडतो, कारण त्यातले सगळे फोटो डिसेंबरातले असतात.

मग कौल लावायचा कुणाला?

पहिला विहिरीला. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात त्याच तालुक्यांतल्या वाड्यांवर टँकर येतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, जमिनीचा उतार ते थांबू देत नाही आणि समुद्र कधी नको म्हणत नाही. आमच्या ‘बघायच्या’ प्लॉटशेजारी एका आजींची विहीर होती. रहाटाचा दोर काथ्याचा. मध्येच एक मोठी गाठ आणि गाठीनंतर निळा नायलॉन, खांबाला गुंडाळून ठेवलेला. मी विचारलं, ‘‘आजी, ही गाठ कसली?’’

‘‘गाठीपर्यंत नाताळ. निळा सोडायचा तो शिमग्यानंतर.’’

‘‘आणि निळा संपला की?’’

‘‘मग मी लेकाकडे जाते. डोंबिवलीला.’’

आम्ही डोंबिवलीहूनच आलो होतो. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी समुद्राच्या दिशेला बघितलं. तो दिसत नव्हता. सी-व्ह्यू गच्चीवर दुसरा मजला चढवल्यावर सुरू होतो.

दुसरा कौल भिंतीला. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. २००५च्या जुलैतही शिरली होती. ज्या गावात नदी आहे तिथं ‘‘पूर येतो का?’’ असं विचारू नये. उत्तर ‘‘छे हो’’ असतं. ‘‘पाणी कुठवर आलं होतं?’’ असं विचारावं. मग चहावाला तोंडानं काही बोलत नाही, नुसता हात वर करतो. तो हात छातीशी थांबला तर तळमजला विसरा. डोक्यावर गेला तर चहा प्या आणि परत या. सरकारी नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते, तीही बघावी. पण चहावाल्याचा हात आधी.

तिसरा वायरमनला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आत घुसलं. मंडणगड-दापोलीपर्यंत माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. नव्या गावात लोक आधी सरपंचाशी ओळख काढतात. चूक. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, वायरमन लागतो तो दर पावसात, आणि रात्री. त्याच्या घरी गणपतीला जाऊन यावं.

चौथा तलाठ्याला. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पण कोकणात तो कागद वाचताना कुटुंबाचा फोटो बघतोय असं वाटतं. एका सात गुंठ्यांवर सतरा नावं. त्यातली पाच स्वर्गवासी, आठ परळ-लालबागवासी, दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद, एक सही करायला तयार आणि एकाचा पत्ता नाही. त्यातून जमीन शेतीची असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ विचारतं, तुम्ही शेतकरी आहात का? गच्चीतली मिरचीची कुंडी पुरावा म्हणून चालत नाही.

पाचवा डॉक्टरला. आमच्या एका स्नेह्यांनी गाव निवडताना हवा शुद्ध आहे का ते बघितलं, पण ती छातीत कमी पडली तर कुठं न्यायचं ते बघितलं नाही. साठीनंतरच्या माणसानं किनाऱ्याचं अंतर मोजू नये. कॅथ लॅबचं मोजावं, तेही घाट धरून आणि रात्री दोनच्या हिशेबानं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, त्यांचं जगभर नाव झालं. आपल्याला अभिमान आहेच. पण असलं संशोधन तिथंच होतं, जिथं विंचवांची ददात नसते. हे वाक्य कुठल्याच ब्रोशरमध्ये मला सापडलं नाही.

एवढं सगळं वहीत उतरवून आम्ही निघालो. सहा महिन्यांचा अभ्यास, चार रकाने, लाल-हिरवी पेनं. पाण्याची बाटली घ्यायला नाक्यावरच्या किराणा दुकानात थांबलो. दुकानदार वर न बघता म्हणाला, ‘‘कोणाकडे आलात?’’

‘‘कोणाकडे नाही. जागा बघायला.’’

‘‘गाव कुठलं? मूळ?’’

सांगितलं. मग आडनाव, कुलदैवत, नोकरी कुठं होती, पेन्शन आहे की नाही, मुलं किती, मुलगा बाहेर आहे का, म्हणजे परत येणार नाही, बरं, आणि वहिनींना मासे चालतात का. सुतळी तोडून पुडीला बांधेपर्यंत त्यानं सहा महिन्यांचा अभ्यास संपवला. आमच्या वहीत त्या गावातल्या एकाही माणसाचं नाव नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शेवटी त्यानं मान वर केली.

‘‘पावसात राहणार ना?’’

मी म्हणालो, ‘‘बघू. पावसाळ्यात बहुतेक मुलीकडे पुण्याला. तसा मे महिनाही...’’

त्यानं सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि आतल्या बाजूला आवाज दिला, ‘‘अगं, चहा टाक दोन कप. पाहुणे आहेत.’’

चहा उत्तम होता. कौल डावा.