थोरली बी, धाकटी बी : वेगाच्या रूपांतराचे सोपे धडे

साहित्य : एक पेन्सिल, इंटरनेटच्या बिलाची मागची कोरी बाजू आणि आठाचा पाढा. कॅल्क्युलेटर चालेल, पण त्यासाठी मोबाइल हातात घ्यावा लागतो. एकदा तो हातात आला की रूपांतर राहते बाजूलाच.

आधी दोन बींची ओळख करून घ्या. रोमन लिपीत एमबीपीएस लिहिताना मधली बी लहान काढली तर ती बिटची, मोठी काढली तर बाइटची. आठ धाकट्या मिळून एक थोरली. देवनागरीत दोघी सारख्याच दिसतात, म्हणून नाक्यावरच्या फलकावर ‘१०० एमबी स्पीड’ असे रंगवलेले असेल तर कोणती बी म्हणून आत जाऊन विचारू नका. धाकटीच असते. माप लहान घेतले की आकडा मोठा येतो, ही अक्कल शेर-पायलीच्या काळापासून बाजारात आहे.

पहिली पायरी. जाहिरातीतला आकडा आठाने भागा. १०० चे साडेबारा झाले, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. बहुतेक घरांत वादाला तोंड इथेच फुटते. शंभरचे पैसे मोजून घेतात आणि बारानेही देत नाहीत, असे म्हणत वडीलधारे तक्रारीचा नंबर फिरवतात. पलीकडून राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगतात. तसे जरूर करावे, मात्र त्याने आठाचा पाढा बदलत नाही.

दुसरी पायरी. ‘बारानेही देत नाहीत’ यात तथ्य आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांना हसू नका. इथरनेटच्या तारेवरून तुमचा १४६० बाइट माल जायचा तर त्यावरचे पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पुडक्यांमधली सक्तीची मोकळी जागा धरून १५३८ बाइटांची जागा लागते. म्हणजे साडेबाराचे ११.८७ उरले. त्यातून तुमचा प्रोग्राम मेगाबाइट १०२४ च्या हिशेबाने मोजणारा निघाला तर पडद्यावर ११.३ दिसतील. कुणीही काही चोरलेले नाही. नेटवर्कवाले किलो म्हणजे १००० धरतात, मेमरीवाले १०२४. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ मध्ये १०२४ वाल्यांना किबी, मेबी अशी वेगळी नावे दिली. ‘माझे मेबीबाइट कुठे गेले’ अशी तक्रार करून बघायला हरकत नाही.

तिसरी पायरी ऐच्छिक आहे, पण खरी गंमत तिच्यातच आहे. टेलिफोन एक्सचेंजमधली जुनी मंडळी ‘टू एमबी’ म्हणतात ती ई-१ लाइन. तिचा वेग सेकंदाला २०४८ किलोबिट. नवशिका आनंदाने १०२४ ने भागतो, उत्तर नेमके दोन येते, आणि ते चूक असते. इथला किलो हजाराचाच. फोनवरच्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणून एका संभाषणाला ६४ किलोबिट. अशी ३२ घरे एका लाइनवर : ३० बोलण्याची, एक ताळमेळाचे, एक सिग्नलिंगचे. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस हे येत असेल तर पुढचे जमेल. अमेरिकेत घरे २४ आणि वर ८ किलोबिट चौकटीसाठी, म्हणून त्यांची टी-१ लाइन १५४४ ची.

आता चार ई-१ एकत्र करा. उत्तर ८.१९२ मेगाबिट आले? पुन्हा करा. ८.४४८ येईपर्यंत करा. चारही लाइनींची घड्याळे किंचित मागेपुढे चालतात, त्यांना सांभाळून घ्यायला भरतीचे बिट घालावे लागतात. पुढे एसडीएच नावाची पद्धत आली, तिने सगळ्यांना एका घड्याळाला बांधले, आणि तिच्या १५५.५२ मेगाबिटच्या एसटीएम-१ लाइनीची चौपट बिनचूक ६२२.०८ येऊ लागली. गुणाकाराला न्याय मिळाला. तरीही एका एसटीएम-१ मध्ये ई-१ मावतात ६३ च. बेरीज १२९ च्या आसपास, बाकी सगळा व्यवस्थापनाचा खर्च. सरकारी योजना जवळून पाहिलेल्यांना हे प्रमाण उदारच वाटेल.

(सीरियल पोर्टशी काम पडले तर आठाने भागू नका. तिथे प्रत्येक बाइटला सहसा पुढे एक, मागे एक असे दोन बिट लागतात, म्हणून ९६०० चे ९६० होतात. हा धडा इथेच संपला.)

चौथी पायरी, मोबाइलच्या कोट्याची. इथे दिडकी लागेल. रोजचा दीड जीबी म्हणजे १२ गिगाबिट. शंभरच्या वेगाने तो किती पुरतो? दोन मिनिटे. दिवसाची उरलेली २३ तास ५८ मिनिटे कशी काढायची याची सोय बऱ्याच प्लानांत केलेली असते : वेग ६४ केबीपीएसवर येतो. आकडा ओळखीचा वाटला ना? जुन्या एक्सचेंजमधले एका संभाषणाचे घर ते हेच. आठाने भागा, सेकंदाला ८ किलोबाइट. नातेवाइकाने सकाळी पाठवलेला ३ एमबीचा सूर्योदय उतरायला सव्वासहा मिनिटे लागतील. हा हिशेब त्याला कळवायच्या फंदात पडू नका. त्याचा कोटा शिल्लक असेल, तर उत्तरादाखल सूर्यास्तही येईल.