जिकडेतिकडे महाबळेश्वर

पर्यटनाच्या पुरवण्या चाळल्या की महाराष्ट्रात महाबळेश्वरं नेमकी किती, असा प्रश्न पडतो. दापोली मिनी महाबळेश्वर, म्हैसमाळ मराठवाड्याचं, जव्हार पालघरचं. समुद्रसपाटीपासून जेमतेम २५० मीटरवरची दापोली सुमारे १,३७० मीटरवरच्या महाबळेश्वराच्या खांद्याला खांदा लावते, ती फक्त पुरवणीच्या कागदावर. तिथे १९७२ सालचं कृषी विद्यापीठ आहे, इंग्रजांच्या छावणीची खूण म्हणून 'कॅम्प दापोली' हे नाव आहे. पण या गोष्टींना सनसेट पॉइंटची सर कुठली!

तिकडे चिखलदरा म्हणजे 'विदर्भाचं नंदनवन'. गाविलगडाचा किल्ला, मेळघाटातले कोरकू पाडे, विदर्भाच्या त्या उन्हातही डोंगरमाथ्यावर तग धरणारी कॉफी, या सगळ्याला मिळून दीड ओळ. उरलेल्या जागेत धुक्याची दुलई, निसर्गाची मुक्त उधळण आणि 'एकदा तरी भेट द्याच'. गावाचं नाव बदला, मजकुराला ओरखडाही उठत नाही. माणसं कोकणात 'साधीभोळी', विदर्भात 'दिलदार'. एवढाच काय तो प्रादेशिक फरक. परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे मात्र विचारू नये. लेखक यजमानांच्या गाडीतून गेलेले असतात.

खुद्द महाबळेश्वरात सुट्टीच्या दिवशी वेण्णा तलावाशी गाड्यांची रांग लागते. त्या कंटाळलेल्या मंडळींना पुरवणी 'गर्दीपासून दूर' म्हणून जवळच्याच तापोळ्याला धाडते. आणि तापोळ्याची ओळख काय? मिनी काश्मीर.