पनवेलमध्ये फ्लेक्स कसा बघावा : नवशिक्यांसाठी

मुंबईत कला बघायला जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथे गारवा असतो आणि मागून कोणी हॉर्न वाजवत नाही. पनवेलची कला रस्त्यावर, फुकट आणि रहदारीच्या आड उभी असते. तेव्हा टोपी घाला, पाण्याची बाटली घ्या आणि एक कान रिक्षांकडे ठेवा.

सुरुवात एसटी स्टँडबाहेरून करावी. आधी पुतळे बघावेत असा मोह होईल, पण पुतळे कुठे जात नाहीत. फ्लेक्स वाढदिवस उलटला की उतरतो, म्हणून तो ताजा असताना बघावा.

फ्लेक्स वरून खाली वाचतात. सगळ्यात वर दैवतं आणि महापुरुष, त्याखाली दिल्लीचे नेते, मग मुंबईचे. मधोमध, ज्यांचा वाढदिवस ते पूर्ण उंचीचे शेठ. (रायगडात दादा-भाऊ पुष्कळ, पण मान शेठ या शब्दाला.) कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल, जोडलेले हात, आणि चाल अशी की आता बोर्डातून बाहेर येतील. कुठे निघालेत ते विचारू नये. आता जवळ जा. गालावरची सुरकुती संगणकाने पुसलेली असते, पण कानामागे मूळ फोटोतली झाडाची हिरवट कड कापायची राहून गेलेली असते. ती कड दिसू लागली की नजर तयार झाली समजा.

खरी विद्या मात्र तळाला आहे, 'शुभेच्छुक' या ओळीत. तिथे पासपोर्ट फोटोएवढे चेहरे दाटीवाटीने बसवलेले असतात. कोणाचा फोटो बोटभर मोठा, कोण शेठच्या पायाशी, कोण पार कोपऱ्यात, हे सगळं ठरवून झालेलं असतं. मागच्या वर्षी उजवीकडे असलेला चेहरा यंदा दिसत नसेल, तर त्याचा फोटो समोरच्या पक्षाच्या फ्लेक्सवर शोधावा. बहुधा सापडतो.

'भावी नगरसेवक' हा स्वतंत्र प्रकार आहे. पनवेलची नगरपालिका 1852 सालची, महापालिका मात्र 1 ऑक्टोबर 2016 ची. पहिली निवडणूक 2017 च्या मे महिन्यात झाली, 78 जागांसाठी. मुदत 2022 च्या जुलैत संपली आणि पुढचं मतदान थेट 15 जानेवारी 2026 ला झालं. मधली साडेतीन वर्षं भावी मंडळी भावीच राहिली. इतका काळ एकच भूमिका वठवणारा नट पनवेलच्या फडके नाट्यगृहातही मिळायचा नाही.

परवानगी क्रमांक कुठे छापलाय का, तेही बघावं. हा खेळ मुलांसाठी चांगला आहे, वेळ जातो. मालमत्तेच्या विद्रुपीकरणाविरुद्धचा राज्याचा कायदा 1995 चा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद या कलावंत जोडप्याने बर्लिनची राइशटाग इमारत कापडात गुंडाळली. परवानगी मिळवण्यात त्यांची वीस वर्षांहून जास्त गेली. आपल्याकडे आचारसंहिता लागली की पालिकेची माणसं एका रात्रीत सगळ्या कोनशिला कागदात गुंडाळतात, आणि कोणी त्यांना कलावंत म्हणत नाही.

एका चेहऱ्यापाशी मात्र थट्टा थांबवा. दि. बा. पाटलांचा फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सांतला नव्हे. ते पनवेलचे आमदार होते, सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी ते लढले. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव हवं म्हणून गावोगावच्या भिंतींवर हा चेहरा आला, तो त्यामुळे. विमानतळाची इमारत झहा हदीद यांच्या कंपनीने कमळासारखी आखली आहे आणि ती देखणीच आहे, पण मला विचाराल तर या भागातलं महत्त्वाचं चित्र ते भिंतीवरचं.

हाताने रंगवलेली अक्षरं बघायची असतील तर कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर जा. 'हॉर्न ओके प्लीज'वर सरकारने 2015 मध्ये बंदी घातली, तरी ट्रकच्या पाठीवर पेंटरला मोर, कमळ आणि आईचा आशीर्वाद काढायला जागा उरली आहे.

वारा सुटला की होर्डिंगखाली थांबू नका. हे गमतीत सांगत नाही. 13 मे 2024 ला घाटकोपरला जे कोसळलं ते 120 फूट बाय 120 फूट होतं, मर्यादा 40 बाय 40 ची होती. 17 माणसं गेली.

पावसाळ्यात दुसरं प्रदर्शन भरतं. फ्लेक्सचं कापड पाणी झिरपू देत नाही, त्यामुळे उतरवलेला माल छपरांवर, सिमेंटच्या गोण्यांवर आणि भाजीच्या गाड्यांवर जातो. गाडीवर पांढरी बाजू वर टाकतात, म्हणजे चित्र खालून दिसतं. कोथिंबिरीचा भाव विचारून मान वर करा : शेठ उलटे लटकलेले, हात तसेच जोडलेले. शुभेच्छुकांची नावं इथे निवांत वाचता येतात, कारण भाजीवाल्या मावशी सुटे पैसे आणायला शेजारच्या गाडीवर गेलेल्या असतात.