भाऊ, अजून थोडं जाड करता येईल का?

पुलगावात फ्लेक्सचं मॅटर बसवणाऱ्यास खुलं पत्र

प्रिय फ्लेक्सवाले भाऊ,


तुमचं नाव इथे घेत नाही. पुलगाव स्टेशनातून बाहेर पडून नाचणगावच्या दिशेने निघालं, की खांबाखांबावर तुमची कामगिरी लटकलेली दिसते, आणि तिच्यातली नावं तशीही कुणाला वाचता येत नाहीत.

आधी अभिनंदन. वाढदिवस, तेरवी, कोचिंग क्लास, बोअरवेल आणि नेत्यांचं आगमन हे सगळं एकाच फाँटात उरकायचं, ही किमया सोपी नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ तुम्ही लाल-पिवळ्या ग्रेडियंटमध्ये बसवता, भोवती काळी आउटलाइन, मागे शॅडो. वाचणाऱ्याला क्षणभर वाटतं, गेलेला माणूस निवडून आला.

तुमची रीत मी दुकानातल्या स्टुलावर बसून पाहिली आहे. आधीच जाड असलेला फाँट घ्यायचा. त्यावर बोल्डचं बटण दाबायचं. मग आउटलाइन. तरीही फ्लेक्सवर कुठे पांढरी जागा उरलीच, तर बाजू धरून अक्षर आडवं ताणायचं. आडवं ताणल्याने उभ्या रेघा फुगतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते, हे तुमच्या नजरेतून सुटलं असेल असं मी म्हणणार नाही. नजर तुम्ही दुसरीकडे वळवली असेल.

आता माझ्या मावसभावाच्या दुकानाकडे येऊ. त्याने मॅटर दिलं होतं ‘धान्य भांडार’. देवनागरीत ध आणि भ यांची ओळख शिरोरेषेतल्या एका फटीवर टिकून असते. तुमच्या आउटलाइनीने ती फट लिंपून टाकली आणि दुकानावर ‘घान्य मांडार’ झळकलं. किराणा दुकानावर ‘घान्य’! खाली पत्त्यात पुलगावचं ‘पुलगाब’ झालं. व आणि ब यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचाच काय तो फरक. पोटच भरून टाकलं, तर रेघ होती की नव्हती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. शिवाय वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत असे अडकले होते, की कोणाचं काय ते सोडवायला पंचायत बसवावी लागली असती. मावसभाऊ बिचारा म्हणाला, ‘‘पण जाड तर झालं ना बापा!’’

जाड अक्षराशी माझं वैर नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ पाहा. देवनागरीत इतका गुबगुबीत फाँट क्वचितच सापडेल. पण त्यात प्रत्येक अक्षराच्या पोटात पांढरी चीर राखलेली आहे, कुठे केसाएवढी, कुठे नखाएवढी. ती बटण दाबून येत नाही, अक्षरागणिक बसून काढावी लागते. जाडी वाढवायची तर आतलं पांढरं कुठे आणि किती वाचवायचं, तिथेच सगळी कारागिरी. त्यांचाच ‘बलू’ही जाड आहे, प्रेमळ आहे, आणि वाचता येतो. दोन्ही फाँट फुकट मिळतात. तेव्हा ‘परवडत नाही भाऊ’ हे उत्तर तुम्ही देऊ नये.

तुमच्या परंपरेचं मूळही तुम्हाला माहीत असावं. अशी लठ्ठ अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या जाहिरातींवर फोफावली. इंग्रजीत त्यांना ‘फॅट फेस’ म्हणतात. रस्त्याने जाणाऱ्याची मान वळवायची, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या आसपास बारीक मजकूर असायचा म्हणून ती उठून दिसायची. तुम्ही मात्र शीर्षक जाड, मजकूर जाड, मोबाइल नंबर जाड, ‘शुभेच्छुक’ जाड आणि त्याखालच्या शुभेच्छुकांची अख्खी यादी जाड करता. सगळेच एकदम ओरडले, तर कुणाचं ऐकायचं?

कायद्याचंही तुम्ही भलं केलंत. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीने राज्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नको, असं ठरलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या बदलायला लावल्या. आता गंमत अशी, की तुमच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही लिप्यांना एकच आकडा दिला तरी देवनागरीचं अंग लहान दिसतं, कारण वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडलेली असते. यावर सरळ उपाय आहे, मराठीला मोठा आकडा द्यायचा. तुम्ही मराठी अक्षराची मानगूट धरून ते इंग्रजीइतकं उंच ओढलंत. मराठीचा मान राखला म्हणायचा!

एवढं लांब कशाला जायचं? आपल्या स्टेशनावरची पाटी बघा. पिवळ्यावर काळं, शॅडो नाही, ग्रेडियंट नाही. पुलगावात न थांबणाऱ्या गाडीतल्या माणसालाही गाव कळतं. पाट्या करणाऱ्यांचा ठोकताळा आहे, एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. तुमची अक्षरं फूटभर उंच असतात, म्हणजे एकशे वीस फुटांवरून दिसायला हवीत. दिसतातही. वाचायला मात्र शिडी लागते.

अक्षररचनाकार कमल शेडगे २०२० साली गेले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं त्यांनी आयुष्यभर हाताने रेखाटली, आणि नाटक बदललं की अक्षराचा स्वभाव बदलला. विनोदी नाटकाचं अक्षर वेगळं, शोकांतिकेचं वेगळं. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही. तेरवी आणि वाढदिवस यांच्यात फरक केलात तरी पुष्कळ.

गिऱ्हाईकच ‘अजून मोठं करा, अजून जाड करा’ म्हणून खांद्यावर वाकून उभं असतं, हे मला मान्य आहे. स्क्वेअर फुटाचे पैसे मोजल्यावर रिकामी जागा त्याला तोटा वाटते. पण तोच माणूस शर्ट शिवायला टाकतो, तेव्हा शिंपी त्याला गळ्यापाशी फट ठेवावीच लागेल म्हणून ठामपणे सांगतो. तुम्हीही एकदा सांगून बघा.

तोवर तान्ह्या पोळ्याच्या बॅनरची ऑर्डर घ्या. मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आहे. ‘तान्हा पोळा’ तेवढं जाड, ‘मोदक’मध्ये. वेळ आणि जागा साध्या अक्षरात. ‘भव्य’ हा शब्द मी लिहिलेला नाही, तुम्हीही घालू नका; तुमच्या हातून त्याचं ‘मब्य’ होतं. बोल्डचं बटण दाबायचं नाही आणि बाजू धरून ताणायचं नाही. छापण्याआधी प्रूफ पाठवा. न दाबलेल्या बटणाचे वेगळे पैसे लागत असतील, तर तेही बिलात लावा.

आपला,
पाटी वाचत वाचत चालणारा एक पुलगावकर